वरचं झाकण

माझ्या आईला बाबा दिवसातून दोनदा करवतीनं कापायचे, आणि मधल्या वेळात ती भाकरी थापायची. हे मी कुणाला सांगितलं की समोरच्याचा चेहरा असा काही होतो की मला पन्नाशी उलटल्यावरसुद्धा ते सांगायचा मोह आवरत नाही. बेगमपुऱ्यात आमच्या दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत पलंगाखाली पत्र्याच्या पेट्या, पेट्यांत रुमाल, रंगीत दोऱ्या, तळ नसलेले डबे आणि दोन तळ असलेले डबे. आतल्या खोलीत चूल, माठ, आणि माठाच्या वर खुंटीला टांगलेला कबुतरांचा पिंजरा. त्या पांढऱ्या कबुतरांचं घुमणं दिवसभर चालायचं. आई पीठ मळायला बसली की ती जास्तच घुमायची, कारण परातीच्या कडेला सांडलेले ज्वारीचे दाणे शेवटी त्यांचेच असायचे. मला त्या आवाजाशिवाय झोप लागायची नाही. दुसऱ्यांच्या घरात घड्याळ असतं, आमच्या घरात कबुतरं होती. अंगाला पीठ, काजळ आणि कबुतरांची विष्ठा असा मिळून जो वास येतो तो माझ्या बालपणाचा वास.

बाबांचं बाहेरचं नाव जादूगार भास्करराज. काळा कोट, त्याला आतून लाल अस्तर, डोक्यावर मोराचं पीस लावलेला फेटा. खेळ सुरू करताना ते मंचावर पुढं यायचे, कोटाच्या बाह्या कोपरापर्यंत सारायचे, दोन्ही पंजे उलटसुलट करून दाखवायचे आणि म्हणायचे, “बघून घ्या, मेहेरबान, बघून घ्या. हातात काही नाही.” त्यानंतर त्याच हातांतून जे निघायचं ते बघून पाचोडच्या बाजारात एका म्हाताऱ्यानं त्यांच्या पायावर डोकं ठेवलं होतं. ह्या धंद्याचा पाया एकच, असं बाबा म्हणत: जादूगार बोट दाखवतो तिकडं माणूस बघतो, आणि खेळ दुसरीकडं होतो. म्हणून जादूगारानं स्वतः जगात वावरताना, समोरचा बोट दाखवील तिकडं कधीच बघायचं नाही. हा नियम ते मंचाखालीही पाळायचे. भाजीवाली म्हणाली, “भाऊ, ही वांगी बघा,” की बाबा तिच्या पाठीमागची टोपली बघायचे. कापडवाल्यानं ठाण उलगडलं की ते त्याच्या मोजायच्या गजाकडं बघायचे. आई चिडवायची, “मला बघायला आला तवा मामांनी बोट कुणाकडं दाखवलं होतं?” बाबा गंभीरपणे सांगायचे, “तुझ्या थोरल्या बहिणीकडं.” मग आई लाटणं उगारायची आणि आम्ही तिघं हसायचो.

मी कॉलेज सोडून पेटीत शिरले त्याला कारण आईचे गुडघे. पेटीत अंग दुमडून बसायचं काम तिला झेपेना, म्हणून ते माझ्याकडं आलं. मला ते आवडत होतं, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर वाचणारा उगाच हळहळेल. पण त्याच सुमाराला बाबांची छाती धरायला लागली. मंत्र म्हणता म्हणता खोकला यायचा, आणि ते तो खोकलाही मंत्रात बसवायचे. लोक टाळ्या वाजवायचे. मला मात्र पेटीत आतून त्या छातीतली शिट्टी ऐकू यायची. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, ओझं उचलायचं नाही, थंडीत उघड्यावर झोपायचं नाही. आता जादूगारानं करायचं काय? आम्ही पेट्या एसटीच्या टपावर चढवायचो, गावात शाळेच्या ओसरीवर किंवा देवळात झोपायचो. दिवाळीपासून चैत्रापर्यंतचा हंगाम म्हणजेच आमचं वर्ष. एक हंगाम चुकला की गावं दुसऱ्या जादूगाराची होतात. बाबा तोंडानं बोलले नाहीत, पण रिकाम्या वेळात त्यांची बोटं नाणं फिरवायची थांबली. तेव्हा मला आणि आईला कळलं की हा माणूस घरी बसला तर ह्याच खोलीत संपणार.

बातमी आणली शफीकचाचांनी. त्यांची जीप होती. बाबांची आणि त्यांची शाळेपासूनची दोस्ती, आणि आमच्या घरी नान-खलिया यायचा तो त्यांच्याच घरून, डब्याला कपडा बांधून. ते म्हणाले, “भास्करभाई, पडेगावमें एक डब्बा बिकने को हय. डब्बा मतलब घर. चाकावरचा. मेरी जीप के पीछे लगायेंगे, चल दियेंगे.” रस्त्याच्या कामावरच्या एका इंजिनिअरनं तो करून घेतला होता. जिथं रस्ता तिथं त्याचा डबा. इंजिनिअर वारला होता आणि घरचे डबा विकत होते. त्या रात्री बाबा जेवताना तीन वेळा हसले. आईनं माझ्याकडं बघितलं, आणि आम्ही दोघींनी मनातल्या मनात तो डबा घेऊन टाकला.

आम्ही चौघं सकाळीच पडेगावला गेलो. घरामागच्या लिंबाखाली तो उभा होता: दोन चाकं, पुढं जीपला अडकवायचा हूक, बाहेरून पत्रा, त्यावर ताजा निळा रंग. मला तो बघताक्षणी इतका आवडला की मी तोंड दुसरीकडं फिरवलं, कारण घेणाऱ्यानं खूश दिसायचं नसतं हे मला शिकवलेलं होतं. आमच्यापुढं दोन माणसं आली. एक दिनकरराव, इंजिनिअरचे धाकटे भाऊ, खिशाला दोन पेनं, तोंडात साखर. दुसऱ्या लीलाताई, इंजिनिअरच्या बायको, पांढऱ्या पातळात, दाराच्या चौकटीला टेकून. दिनकररावांनी सुरुवातच अशी केली की बाबांचे डोळे लकाकले. “या या, बघा, चाकं बघा! रबर बघा! असा माल आता मिळणार नाय.” बाबा माझ्या कानात म्हणाले, “रत्ने, बेटा, चाकं चांगली असणार. जमीन बघ.”

आणि मग आमच्या बाबांनी जो प्रयोग केला त्याला तिकीट लावायला हवं होतं. ते आत शिरले आणि दोन तळांच्या डब्यावर वाजवतात तशी बोटांच्या पेरांनी जमीन वाजवत निघाले. टक, टक, टक, आणि मग एकदम, ढब. जमिनीवर अंथरलेलं नवं लिनोलियम उचकटलं तर खाली फळी कुजून भुसा झालेली. दिनकरराव म्हणाले, “अरेच्चा, हे मलाच माहीत नव्हतं!” बाबा म्हणाले, “असं होतं. माझ्या टोपीत ससा आहे हे मलाही कधीकधी माहीत नसतं.” शफीकचाचा दारात पोट धरून हसले. पुढं दिनकररावांनी राखीव चाक दाखवलं; बाबांनी ते फिरवून मागची चीर दाखवली. त्यांनी घडीचा पलंग उघडून दाखवला. बाबांनी पलंग सोडून त्याखालच्या पत्र्याला नख लावलं आणि रंगाच्या पापुद्र्याखालचा गंज काढला. एकेक फसवणूक बाहेर पडत होती तसा बाबांचा कणा ताठ होत होता. कित्येक महिन्यांत त्यांना खोकल्याशिवाय एवढं बोलताना मी ऐकलं नव्हतं. आता आठवलं की वाटतं, त्या माणसानं थोडं कमी फसवलं असतं तर बरं झालं असतं.

कारण एवढ्यात लीलाताई दाराशी आल्या. आवाज बारीक, पण घाई असलेला. “ते वरचं झाकण बघा हो आधी,” असं म्हणून त्यांनी छताकडं बोट दाखवलं. छताच्या मधोमध हातभर रुंदीचं एक चौकोनी झाकण होतं, दांडीनं वर उचलायचं. आतून छताबरोबर पांढरा रंग दिलेला, त्यामुळं नुसती चौकट दिसत होती. “ते उघडंच पाहिजे,” त्या म्हणाल्या. “भावजींनी वरून डांबर मारून बंद केलंय.”

“गळत होतं म्हणून,” दिनकरराव म्हणाले. “वहिनी, चहा टाका ना पाहुण्यांना.”

“माझे मालक ह्याच्यातच गेले,” लीलाताई आईकडं बघून म्हणाल्या. “आत शेगडी होती. थंडी लागते म्हणून झाकण आतून बांधून टाकलं होतं.”

“हार्ट अ‍ॅटॅक,” दिनकरराव हळू आवाजात, जणू आमच्यावर उपकार करत म्हणाले. “डॉक्टरनं लिहून दिलंय. वहिनींच्या डोक्यातून ते झाकण काही जात नाय. खरं सांगू का? त्यांना हा विकायचाच नाय. कुणी घ्यायला आलं की हेच सुरू.”

लीलाताईंनी पुन्हा बोट वर केलं. “हृदय नव्हतं हो. झाकण होतं.”

शफीकचाचा हसायचे थांबले होते. ते म्हणाले, “भास्कर, बाई सच बोल रई. जरा ऊपर देख लेते.” पण बाबांच्या चेहऱ्यावर ते हसू आलं जे मी मंचावर हजारदा बघितलं होतं, गर्दीतला एखादा शहाणा उठून ‘बाहीत आहे, बाहीत आहे’ ओरडायला लागला की येणारं. त्यांच्या हिशेबानं सगळं जुळत होतं. विकायची इच्छा नसलेली बाई, उंचावलेलं बोट, सगळ्यांच्या माना वर. म्हणजे खेळ खाली आहे. ते मान खाली घालूनच बाहेर आले, दोन्ही गुडघ्यांवर बसले आणि डब्याच्या पोटाखाली शिरले. आतून त्यांचा आवाज आला, “रत्ने, टॉर्च!” आणि अर्ध्या मिनिटात, “हा बघ! आसाला चीर!” खरोखरच तिथं चीर होती, वेल्डिंग करून वर ग्रीस फासलेलं. बाबा बाहेर आले तेव्हा त्यांच्या फेट्याला माती होती आणि तोंडावर विजय. दिनकररावांनी भाव खाली आणला, बयाणा दिला गेला. लीलाताई चहा घेऊन आल्या तेव्हा व्यवहार संपला होता. कप देताना त्यांनी एवढंच विचारलं, “वर बघितलं का?” बाबा अदबीनं म्हणाले, “बघितलं, ताई, सगळं बघितलं.”

आईनं मात्र एक गोष्ट ऐकली होती: माणूस ह्याच्यात गेला. घरी आल्या आल्या ती म्हणाली, “अपशकुनी हाय ते.” बाबा म्हणाले, “मी इतकी वर्षं बायकोचे दोन तुकडे केले, मला अपशकुन सांगते व्हय?” शेवटी आईनं तिचा इलाज केला. डबा धुतला, नारळ फोडला, गोमूत्र शिंपडलं, हुकाला लिंबू-मिरची बांधली, आत ऊद फिरवला. डब्याला खिडकी नव्हती, त्या उदाचा धूर बाहेर जायला जागा नव्हती म्हणून आम्ही दार उघडं टाकून खोकत अंगणात उभे राहिलो. हे मी आज लिहिताना पेन खाली ठेवून उठले आणि पाणी पिऊन आले. धुरानं आम्हाला सांगितलं होतं. आम्ही त्याला फक्त अपशकुनाशी भांडायला बोलावलं होतं.

कुजलेली फळी बदलली, आस नवा टाकला, आणि आम्ही निघालो. ते दिवस मी कुणालाही देणार नाही. पलंगाखाली पेट्या, फळीवर आईची डाळ-तिखटाची बरणी, दाराजवळ पिंजरा. देवगाव रंगारीला मुलं आमच्या मागं मैलभर पळत आली. बाबा डब्याच्या दारातूनच मंचावर उतरायचे, त्यामुळं त्यांची एन्ट्री आता राजासारखी व्हायची. सकाळी आई पायरीवर बसून चूल पेटवायची, पिठल्यात हिरवी मिरची जास्त टाकायची, आणि कबुतरं आत घुमायची. बाबांची बोटं पुन्हा नाणं फिरवायला लागली.

मग पौष आला. खुलताबादच्या वरच्या अंगाला, डोंगरावरच्या एका गावात आमचा दुपारचा खेळ होता. आभाळ भरून आलं होतं आणि वारा असा की कनात धरवत नव्हती. बाबांची छाती सकाळपासून वाजत होती. आईनं शेगडीत कोळसे फुलवले, धूर निघून जाईपर्यंत ती बाहेर ठेवली, लाल झाल्यावर आत नेली. धूर नव्हता, म्हणून भीतीही नव्हती. तव्यावर ओव्याची पुरचुंडी गरम करून तिनं बाबांची छाती शेकली, खेळाचा काळा कोट चढवून त्यांना गोधडीत गुंडाळलं, कबुतरंही गारठली होती म्हणून पिंजरा शेगडीजवळ सरकवला, आणि वारा लागू नये म्हणून दार ओढून घेतलं. बाबा आतून म्हणाले, “खेळाच्या आधी हाक मार. तोवर भास्करराज आराम फर्मावतायत.” ती बाहेर भाकऱ्या थापायला बसली. मी कनातीचे दोर ओढत होते. शाळेची मुलं रांगेनं येऊन मातीत बसायला लागली होती.

मला काहीतरी खटकलं ते दोर बांधता बांधता, आणि काय खटकतंय ते कळेना. वारा होता, मुलं होती, आईच्या हाताखालची भाकरी थपथप वाजत होती. बऱ्याच वेळानं ध्यानात आलं की घुमणं नाही. जन्मापासून मी तो आवाज ऐकत आले होते, त्यामुळं तो थांबला हे कळायलाच वेळ लागला. मी दार उघडलं. कबुतरं पिंजऱ्याच्या तळाशी पांढऱ्या रुमालांसारखी पडली होती. बाबा भिंतीला टेकून बसले होते, डोळे अर्धे मिटलेले, आणि गाल असे गुलाबी की आधी मला वाटलं, त्यांनी रंगच लावलाय. आमच्या खेळात एक भाग होता, त्यात ते मरायचे आणि मी रुमाल झटकला की उठायचे. मी म्हणाले, “बास झालं, बाबा, मुलं आली.” मग मी त्यांचा हात उचलला. तो खाली पडला, तो त्यांच्या पद्धतीनं पडला नाही.

शफीकचाचांनी त्यांना खांद्यावर घालून बाहेर काढलं. आई हाताला पीठ तसंच, फेटा छातीशी धरून मागं धावत होती. आणि मातीत बसलेल्या त्या मुलांनी, काळ्या कोटातला जादूगार मेल्यासारखा दारातून बाहेर येताना बघून, टाळ्या वाजवल्या. भरपूर वाजवल्या. चाचांनी हूक सोडून डबा तिथंच टाकला आणि जीप घाटातून खाली शहराकडं मारली. वाटेत मोकळ्या वाऱ्यानं बाबांचा श्वास परत नीट चालायला लागला. आयुष्यात मी पुष्कळ टाळ्या घेतल्या, अजूनही घेते. पण टाळ्यांचा आवाज आला की मी आधी मागं वळून दाराकडं बघते, हे प्रेक्षकांना कधी कळू दिलं नाही.

बाबा वाचले. त्यांचे हात वाचले नाहीत. कोळशाचा वायू मेंदूत जाऊन बसतो, त्याला वास नसतो, रंग नसतो, असं दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई समजावत होत्या, आणि बाबा चादरीवर पडलेल्या आपल्या बोटांकडं बघत होते. ती थरथरत होती. घरी आल्यावर त्यांनी नाणं मागितलं. नाणं घरंगळत पलंगाखाली गेलं. त्यांनी पुन्हा मागितलं. चौथ्यांदा आईनं ते नाणं उचललंच नाही, पदराला पुसून कनवटीला लावलं. माठावरचा पिंजरा रिकामा होता, आणि संध्याकाळी त्या खोलीत एवढी शांतता असायची की शेजारच्या घरातलं भांडण स्पष्ट ऐकू यायचं. आम्ही ते ऐकत बसायचो.

एक दिवस लीलाताई आल्या. कुणी सांगितलं कोण जाणे. आईनं त्यांना बसायला दिलं. त्या बाबांच्या हातांकडं बघत राहिल्या, मग पदर तोंडाला लावून म्हणाल्या, “मी बोट दाखवलं होतं हो.”

“दाखवलं होतं, ताई,” बाबा म्हणाले. “म्हणूनच बघितलं नाही.”

त्यांना ते कळलं की नाही मला माहीत नाही. त्यांनी आणलेला शिऱ्याचा डबा आईच्या हातात दिला आणि उठल्या. दारात थांबून म्हणाल्या, “आता तो कुणाला विकाल तर...” आणि चपला घालून निघाल्या.

विकायचा तर होताच. दवाखान्यात घर रिकामं झालं होतं आणि डबा शफीकचाचांनी डोंगरावरून ओढून आणून आपल्या अंगणात उभा केला होता. उन्हाळ्याच्या तोंडाला पाचोडचा एक मंडपवाला आला, तरणाबांड, बोलका. लग्नसराईत आणि थंडीच्या जत्रांत त्याच्या पोरांना रात्री पडायला जागा हवी होती. बाबांना बघून त्यानं हातच जोडले. “अवो, जादूगार! लहानपणी लई येड्यात काढलंय तुम्ही आमाला. माझ्या कानातून अंडं काढलं होतं!” बाबा हसले. मग ते डब्यात गेले, मधोमध उभे राहिले आणि थरथरतं बोट वर करून म्हणाले, “आधी ते झाकण बघा. ते बंद आहे. आत शेगडी ठेवली तर माणूस मरतो.”

मंडपवाल्यानं वर बघितलं नाही. त्यानं बाबांच्या दुसऱ्या हाताकडं बघितलं. मग खिशाकडं. मग डोळे बारीक करून, लाडात येऊन म्हणाला, “नाय नाय, जादूगार. आता आम्ही मोठं झालो. बोट वर, म्हंजी माल खाली.” आणि तो वाकून जमीन वाजवायला लागला. टक, टक, टक.

मी बाबांकडं बघितलं. त्यांचा चेहरा मी कुठल्याही खेळात तसा बघितला नव्हता. आपलंच बोट आपल्यासमोर वर करून ते उभे होते आणि जगात कुणीही तिकडं बघणार नव्हतं, कारण ते जादूगार भास्करराज होते. ते म्हणाले, “रत्ने, पहार आण.” मी शफीकचाचांच्या घरातून पहार आणली आणि शिडी लावून टपावर चढले. उन्हानं डांबर मऊ झालं होतं. पहिल्या घावाला ती नुसती रुतली. खालून मंडपवाला ओरडत होता, “अवो, चांगला डबा फोडता का? बाई, खाली या! येडी का खुळी तू?” मी घाव घालत राहिले. झाकण तडकलं, चौकटीसकट निघालं आणि आत कोसळलं. भोकातून मी खाली बघितलं.

धुरळ्यात उन्हाचा एक चौकोन पडला होता आणि मंडपवाला त्यात तोंड उघडं टाकून, शेवटी एकदाचा, वर बघत होता. त्याच्या शेजारी बाबांनी शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत सारल्या. दोन्ही पंजे उजेडात धरून उलटसुलट केले. ते पानांसारखे हलत होते.

“बघून घ्या, मेहेरबान,” ते म्हणाले. “हातात काही नाही.”